दोन पंप पाणी

एप्रिल २०२३ मधली रात्र. आई आणि बायको अंगणात खाटा टाकून झोपल्या होत्या. मधल्या खोलीत कापसाची गंजी आढ्याला टेकली होती. मी पाठीवर फवारणीचा पंप अडकवून, लाईट न लावता, मोबाईलच्या उजेडात त्या गंजीवर पाणी मारत होतो. एक पंप संपला, दुसरा भरला. पंधरा लिटरचा पंप, म्हणजे चौदा क्विंटल कापसावर तीस लिटर पाणी. सकाळी खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, काटा घेऊन येणार होता.

कापूस पिकवणाऱ्या कोणालाच यात नवल वाटणार नाही. वजन वाढवायला कापसावर पाणी मारणं मी बापाच्या काळापासून ऐकत आलो. पण त्या रात्रीच्या चार वर्षं आधी, जानेवारी २०१९ मध्ये, मी दिग्रसजवळ अरुणावती धरणाच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला होता. छातीभर पाण्यात उभं राहून सगळ्या मंडळीसमोर सांगितलं होतं की माझा नवा जन्म झाला आहे. मग पंपाची दांडी हलवणारा तो हात कोणाचा होता, जुन्या माणसाचा की नव्या? या प्रश्नाने पुढचे तीन महिने मला धड जेवू दिलं नाही. त्यातून मी कसा गेलो ते लिहून ठेवतो आहे. अशाच प्रश्नापाशी अडकलेली माणसं आमच्या मंडळीत आहेत, आणि तो प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही.

आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. यवतमाळ जिल्ह्यात मिशनरी आले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. आमचा आजा त्यांच्या शाळेत दोन बुकं शिकला आणि तिथेच त्याने विश्वास धरला. मी मात्र ख्रिस्ती होतो तो आडनाव असावं तसा. नाताळाला नवे कपडे, रविवारी जमलं तर चर्च, जेवणाआधी प्रार्थना. आमच्या मंडळीत तान्ह्या बाळाला देवाला समर्पित करतात आणि बाप्तिस्मा समज आल्यावर, ज्याने त्याने मागून घ्यायचा असतो. मी अडतीस वर्षांचा होईपर्यंत मागितला नव्हता. सहा वर्षांपासून सख्ख्या मोठ्या भावाशी बोलत नव्हतो. कारण धुरा, म्हणजे बांध. वावराच्या मधल्या धुऱ्यावरून दोन तासं इकडची तिकडे झाली, एवढंच. विदर्भात धुऱ्यापायी कोर्टाच्या तारखा करणारी घरं गावोगाव आहेत, तसं आमचंही.

२०१८ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे घरगुती प्रार्थना होती. शेजारच्या गावातली एक आत्या आली होती, दात नसलेली, सत्तरीच्या पुढची. प्रार्थना संपून चहा चालू असताना तिने मला सहज विचारलं, "बापू, तुहा जन्म कधी झाला?"

मी साल सांगितलं. ती म्हणाली, "तो नाई रे. दुसरा."

मला उत्तर देता आलं नाही आणि रागही आला. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, आणि ही मला विचारते! पण त्यानंतर पाळकसाहेबांनी निकदेमावर उपदेश केला तेव्हा तो राग अंगावर उलटला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू निकदेमाला म्हणतो, नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचे राज्य पाहता येत नाही. पाळकसाहेब म्हणाले, हे बोलणं तो चोराशी बोलला नाही. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाच्या, धर्मसभेत बसणाऱ्या, शास्त्र शिकवणाऱ्या माणसाशी बोलला. म्हणजे ज्याच्या घरात धर्म आधीपासून होता त्याला सांगितलं की तुला जन्मावं लागेल. पाळकसाहेब यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकलेले, ती १९८३ साली पुण्याला गेली त्याआधीचे विद्यार्थी. ग्रीक त्यांना येते. तिथला 'अनोथेन' हा शब्द दोन अर्थांचा आहे, त्यांनी सांगितलं. 'नव्याने' हा एक आणि 'वरून' हा दुसरा. निकदेमाने पहिलाच धरला आणि विचारलं, म्हातारा माणूस आईच्या उदरात पुन्हा कसा जाईल? त्याला दुसरा अर्थ लागला नाही. आपण स्वतःला जन्म देऊ शकत नाही, तो वरून मिळतो.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगायला सोपं नाही, कारण दिसायला फार थोडं झालं. ऑगस्टमध्ये पऱ्हाटीला डवरणी, म्हणजे कापसात बैलांनी कोळपणी, चालू होती. धुऱ्यापर्यंत आलो, बैल वळवले आणि पलीकडे भाऊ निंदताना दिसला. पाठ वाकलेली, एका हाताने कंबर धरलेली. त्याला पाहिलं की सहा वर्षं पोटात जे उठायचं ते उठलंच नाही. मी तिथेच थांबून वाट पाहिली की आता येईल. आलं नाही. उलट डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून प्रार्थना निघाली, 'प्रभू, मी वाईट माणूस आहे, मला घे.' त्याच संध्याकाळी भावाच्या दारात गेलो. तो आधी घाबरला, त्याला वाटलं भांडायला आलो. त्या दिवसापासून धुऱ्याचा राग माझ्यात नाही. मी तो दाबून ठेवलेला नाही, तो शोधूनही सापडत नाही. हे माझ्या कर्तबगारीने झालं असतं तर सहा वर्षांत कधीच झालं असतं.

तारखेबद्दल थोडं बोलतो, कारण आमच्या लोकांत तारखेचा फार आग्रह धरतात. मेथडिस्ट चळवळीचा जॉन वेस्ली २४ मे १७३८ ही तारीख सांगू शकत होता. लंडनच्या एका सभेत आपलं मन अजब रीतीने उबदार झालं असं त्याने लिहून ठेवलं. आपल्या नारायण वामन टिळकांच्या बाप्तिस्म्याची तारीख, १० फेब्रुवारी १८९५, नोंदलेली आहे, पण त्याआधी नवा करार हातात पडून त्यांचं मन वळायला बरेच दिवस गेले होते. त्यातला जन्माचा क्षण कोणता? माझ्या आजीला तिची जन्मतारीख माहीत नव्हती. पोळ्याच्या आसपास, एवढंच. शाळेत घालताना मास्तरांनी १ जुलै लावलेली माणसं आमच्या गावात कितीतरी आहेत. म्हणून ती जन्मलीच नाहीत असं कोणी म्हणत नाही. मला माझा दिवस आठवतो, माझ्या बायकोला तिचा आठवत नाही, आणि तिचा विश्वास माझ्याहून जुना आणि घट्ट आहे.

बाप्तिस्म्याआधी दर बुधवारी संध्याकाळी शिकवणी असायची. आम्ही चौघे होतो. पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं, हे रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातून शिकलो. दंवाचे दिवस होते, धरणाच्या पाण्यावर वाफ दिसत होती. पाण्यातून वर आलो तेव्हा काठावर भाऊ टॉवेल घेऊन उभा होता.

पुढची दोनेक वर्षं चांगली गेली. मग मला दोन प्रकारचं बोलणं ऐकू यायला लागलं आणि दोन्ही खरं वाटायचं. बाहेरून आलेले एक उपदेशक तीन दिवसांच्या सभेत गरजून सांगत होते की नवा जन्म झालेला माणूस पाप करतच नाही, आणि केलं तर समजा जन्म झालाच नव्हता. मांडवात बसून मी आतल्या आत स्वतःला तपासत होतो. दुसरं बोलणं आमच्याच लोकांचं. प्रार्थनेला उभे राहिले की पहिलं वाक्य, 'प्रभू, आम्ही पापी आहोत, पामर आहोत,' आणि खाली बसताना चेहऱ्यावर त्याचा काही मागमूस नाही. पाप म्हणजे जणू जातीच्या दाखल्यासारखं, एकदा काढलं की जन्मभर चालतं. मला हे दुसरं बोलणं पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. पहिल्याने माणूस निराश होतो, दुसऱ्याने तो आरामात राहतो. आणि एप्रिलच्या त्या रात्री पंप उचलताना मी दुसऱ्याचाच आधार घेतला.

आधीच्या, म्हणजे २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्याच आशेवर पुढच्या वर्षी आम्ही सगळ्यांनी कापूस घरात ठेवला आणि भाव उतरत गेला. कापसाने घरभर खाज सुटली, पोरांच्या अंगावर पुरळ आलं. उन्हाळा लागला तसा कापूस कोरडा होऊन वजन घटलं. मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती. मी मनाला सांगितलं, उन्हाने जेवढं पाणी नेलं तेवढंच परत टाकतो आहे. मग सांगितलं, व्यापारी तरी कुठे धुतल्या तांदळाचा आहे. आणि शेवटी सांगितलं, आपण शेवटी पापी माणसंच. पंप रिकामा होईपर्यंत तीन कारणं तयार होती.

सकाळी काटा झाला, ७,८०० च्या भावाने पैसे हातात आले. रात्री जेवायला बसलो आणि प्रार्थनेसाठी तोंड उघडलं तर शब्द येईना. मुलगा म्हणाला, "बाबा, कराना." मी त्यालाच करायला सांगितलं.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेतात. मे महिन्यात भाकरीचं ताट माझ्यापुढे आलं, मी ते पुढे सरकवलं. जूनमध्येही. बायकोने पाहिलं आणि काही विचारलं नाही. जुलैमध्ये मी गेलोच नाही, पेरणीचं निमित्त सांगितलं. आता त्या उपदेशकाचं बोलणं डोक्यात घण घालत होतं, की जन्म झालाच नव्हता. मग धुऱ्यावर काय झालं होतं? तो राग कोणी नेला?

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाळकसाहेब पायी घरी आले. आमच्या फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता तेव्हा कच्चा होता, काळ्या मातीचा चिखल घोट्याच्या वर चढलेला. मी बादली आणि तांब्या ओसरीच्या पायरीवर ठेवला. ते पाय धूत होते आणि मी पाणी घालत होतो. मान वर न करता ते म्हणाले, "काऊन आला नाईस तीन मईने जेवणाले?"

मी सगळं सांगून टाकलं. पंप, तीस लिटर, तिन्ही कारणं. शेवटी विचारलं, "मंग माहा जन्म झाला का नाई जी?"

ते म्हणाले, "मी सकाळी आंघोळ करून निघालो. आता ह्या चिखलासाठी मले पुन्हा आंघोळ घालशीन?"

"नाई जी. पाय धुतले का झालं."

"आन नाई धुतले तं?"

"तं घरात चिखल येईन."

ओसरीवर बसून त्यांनी योहानाचा तेरावा अध्याय काढायला लावला. प्रभू शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी नको म्हणतो आणि मग हात नि डोकंही धुवा म्हणतो. प्रभू त्याला सांगतो की ज्याचं स्नान झालं आहे त्याला पायांखेरीज दुसरं काही धुवायची गरज नाही. हा भाग मी लहानपणापासून ऐकला होता, शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी वाचतातच. पण स्नान आणि पाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या हातात तांब्या असताना पहिल्यांदा कळलं.

मी त्यांना योहानाच्या पहिल्या पत्रावरून अडवलं. तिसऱ्या अध्यायात सरळ लिहिलं आहे, 'जो कोणी देवापासून जन्मलेला आहे तो पाप करत नाही.' आणि पहिल्या अध्यायात तोच योहान म्हणतो, आपल्या ठायी पाप नाही असं म्हणालो तर आपण स्वतःला फसवतो. एकाच पत्रात दोन्ही कसं? त्यांनी मला पुढचं वाचायला लावलं: 'त्याच्याने पाप करवत नाही.' मग विचारलं, "करवत नाई म्हंजे काय, तू सांग."

मराठीत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आजाऱ्याला जेवण जात नाही तसं 'जेववत नाही'. हातपाय शाबूत असून मन आणि देह ते घेत नाही. पाळकसाहेब म्हणाले, मूळ ग्रीकमध्ये इथे क्रियापदाचा काळ चालू कृतीचा आहे. पाप करत राहणं, त्यातच मुक्काम करणं, असा त्याचा रोख बरेच अभ्यासक धरतात. मग ते म्हणाले, "तुह्याच्यानं तीन मईने ताट घेववलं नाई, प्रार्थना करवली नाई. पयले पाणी मारलं असतं तं झोप गेली असती काय?"

गेली नसती. २०१६ मध्येही मी पाणी मारलं होतं. त्या रात्री घोरत झोपलो होतो.

यानंतर आम्ही बरेच आठवडे वाचत होतो, पाळकसाहेब आणि मी, कधी कधी भाऊही. मला कळलं की हा माझ्या एकट्याचा घोळ नाही, ख्रिस्ती मंडळी यावर शेकडो वर्षं बोलत आली आहे. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर म्हणायचा, विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो; देवाने ख्रिस्तामुळे त्याला नीतिमान ठरवलं, पण स्वतःत पाहिलं तर पाप दिसतंच. वेस्लीला हे अपुरं वाटलं. देव नुसता निकाल देऊन थांबत नाही, तो माणसाला खरोखर बदलतो, आणि याच आयुष्यात मन प्रीतीने इतकं भरू शकतं की जाणूनबुजून पाप होणार नाही, असं तो शिकवायचा. चुका, अज्ञान, दुबळेपणा राहतोच, हेही तो म्हणायचा, आणि स्वतःबद्दल मात्र त्याने तसा दावा केला नाही. आमच्या जिल्ह्यात आलेल्या मेथडिस्ट मिशनऱ्यांनी हीच पवित्रीकरणाची शिकवण आणली. मांडवातल्या उपदेशकाच्या बोलण्याचं मूळ तिथे असावं, फक्त त्याने वेस्लीचे सगळे सांधे काढून टाकले होते. अमरावतीला कॅथलिक शाळेत शिकलेली माझी मेहुणी सांगते की त्यांच्याकडे नवा जन्म बाप्तिस्म्यातच होतो, मूळ पाप धुतलं जातं, आणि मागे राहते ती पापाकडे ओढ. ती ओढ म्हणजे स्वतः पाप नव्हे. तिच्याशी झुंजायचं असतं.

मी शेतकरी माणूस, यांच्यात निवाडा करणं माझं काम नाही. पण मला जे पटलं ते नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांवरून पटलं. करिंथच्या मंडळीत भांडणं होती, भाऊ भावावर कोर्टात जात होता (हे वाचताना आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे बघत नव्हतो), आणि तरी पौल त्यांना पत्राच्या सुरुवातीलाच पवित्र जन म्हणतो. आधी नाव सांगतो, मग त्या नावाला शोभत नाही ते एकेक सुनावतो. आणि तोच पौल तीमथ्याला लिहितो की ख्रिस्त पाप्यांना तारायला आला, त्या पाप्यांपैकी मी मुख्य आहे. होतो असं नाही, आहे. त्याच्या तोंडी हे वाक्य आणि माझ्या तोंडी कापसाच्या गंजीसमोर आलेलं 'आपण पापीच' हे वाक्य, शब्द जवळजवळ सारखे. तो ते उपकार आठवून म्हणत होता. मी ते पाणी मारायला म्हणत होतो.

रोमकरांच्या सातव्या अध्यायात तो ओरडतो, 'किती मी कष्टी माणूस!' हे विश्वासात येण्याआधीचं की नंतरचं यावर विद्वानांत एकमत नाही. मला ते नंतरचं वाटतं. आधी मला असं ओरडावंसं कधी वाटलंच नव्हतं.

वाचन एकीकडे आणि पैसे दुसरीकडे. योहान म्हणतो, पापं 'पदरी घेतली' तर तो क्षमा करील. पदरी घेणं म्हणजे माझं आहे म्हणून ओटीत घेणं, आणि ओटीत घेतलेलं लपवता येत नाही. आधी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम होतं. सकाळी पंप ओला होता." मग हिशेब केला. तीस किलो, ७,८०० चा भाव, २,३४० रुपये. मोशेच्या नियमशास्त्रात फसवून घेतलेलं परत देताना पाचवा हिस्सा वर घालायला सांगितलं आहे, तो ४६८. एकूण २,८०८ रुपये. शुभवर्तमानातल्या जक्कय जकातदाराने चौपट दिलं होतं. माझी तेवढी ऐपत नव्हती, हे खरं सांगतो.

ऑगस्टमध्ये व्यापाऱ्याकडे गेलो. पैसे टेबलावर ठेवले आणि कशाचे ते सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "भाऊ, सारेच मारतेत. म्हणून तं मी क्विंटलमागं दोन किलो कडता कापतो. तुहे अठ्ठावीस किलो मी तवाच कापले."

माझा हात नोटांकडे परत जाऊ लागला. अठ्ठावीस त्याने कापले, तीस मी मारले, म्हणजे फिटंफाट झाली होती. मग मी विचारलं, "आन जे मारत नाईत त्यायचं?"

"त्यायचंबी कापतो. मले कसं समजन कोणं मारलं न् कोणं नाई?"

म्हणजे माझ्या पाण्याची किंमत व्यापाऱ्याने मोजलीच नव्हती. ती मोजली होती कोरडा कापूस विकणाऱ्यांनी. आमच्या गावात अशी माणसं आहेत. त्यातली एक म्हणजे ती विधवा बाई, जिचा सगळा कापूस दोन क्विंटल होतो. माझं पाप माझ्या आणि देवाच्या मधलं आहे असं मी इतके दिवस समजत होतो. मी पैसे तिथेच सोडले. सप्टेंबरात तिच्या वावरात एक दिवस डवरणी करून दिली. कशासाठी ते तिला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला आणि मग चहा ठेवला.

पुढच्या हंगामात त्या व्यापाऱ्याने माझ्या कोरड्या कापसावरही दोन किलो कडता कापलाच.

प्रभुभोजन मी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी घेतलं. अजून मन कचरत होतं. पाळकसाहेबांनी त्या दिवशी करिंथकरांचं ते वचन वाचलं ज्यात माणसाने आत्मपरीक्षण करावं असं आहे, आणि त्यातल्या पुढच्या शब्दांवर थांबले: परीक्षण करावं आणि मग खावं. ताट आलं. मी भाकरीचा तुकडा घेतला. शेजारी भाऊ होता, त्याने ताट धरून ठेवलं होतं, माझा हात थरथरत होता म्हणून.

यंदाची पहिली वेचणी झाली आहे. भाव पडलेलाच आहे. पंप कोठ्यात खुंटीला टांगलेला आहे. रात्री गंजीजवळून जाताना तो विचार येतो, येत नाही असं मी म्हणणार नाही. आला की मी बायकोला हाक मारून सांगतो, "आज पुन्हा आला."

ती म्हणते, "सांगतलं ना, बरं केलं. चला जेवाले."

मी पाय धुऊन आत येतो. प्रार्थना मी करतो.